उलटी पावणी

उमाकांत परबांनी पेनाचं टोपण काढलं, शेवटच्या पानावर सहीची जागा शोधली आणि पेन तसंच हवेत धरून थांबले.

"बाय, एक विचारू?" ते म्हणाले. "ह्यो लिलाव म्हणजे आमची पावणीच मगो?"

मी हसले.

ते हसू आठवलं की अजून मला माझाच संताप येतो. धारगळला हायवेला लागून त्यांची बर्फाची फॅक्टरी आहे. तिथल्या छोट्याशा ऑफिसात आम्ही बसलो होतो. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडत होता. समोर पंचवीस वर्षांचा वीजखरेदीचा करार होता. एका साठीच्या माणसाने सही करण्यापूर्वी अगदी योग्य प्रश्न विचारला होता, आणि तीस वर्षं विजेच्या दरांवर काम केलेली मी हसले.

पावणी म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. देवळात सत्यनारायण किंवा जत्रा झाली की देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. कोणाच्या परसातला पहिला भोपळा, कोणाचा केळ्यांचा घड, कोणाचा नारळ. बाजारात ज्याला कोणी चाळीस रुपये देणार नाही, त्याला पावणीत पाचशे येतात. जो सगळ्यात जास्त बोलेल तो वस्तू घेऊन जातो आणि पैसे देवाला जातात. उमाकांतबाब गावच्या देवळात दरवर्षी पावणी घालतात, म्हणजे बोली पुकारतात. आवाज असा की हायवेवरचा ट्रकवाला वळून बघेल.

"पावणेत चड बोलता तेकाच नारळ मेळता," ते म्हणाले. "बोली वयर चडता. मगे ह्या लिलावान विजेचो दर खाली कसो येतलो?"

"उमाकांतबाब, ही उलटी पावणी," मी म्हटलं. "इथे विचारतात, सगळ्यात स्वस्त वीज कोण देणार? समजा एक कंपनी म्हणाली सहा रुपये युनिट. दुसरी म्हणते साडेपाच. तिसरी म्हणते पाच. जी सगळ्यात खाली उतरेल तिला काम मिळतं."

"उलटी पावणी!" त्यांना शब्द फार आवडला. दोनदा म्हणून बघितला, मान हलवली आणि सही केली. मग चहाबरोबर काकणं, म्हणजे बेकरीतले बांगडीसारखे कडक पाव, मागवली आणि मी ती आवडीने खाल्ली.

मी मूळची डिचोलीची. इलेक्ट्रिकल इंजिनियर. सरकारी वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर पणजीतल्या एका कन्सल्टन्सीत लागले होते. वीज कुठून घ्यावी, कोणत्या दराने घ्यावी, हे आम्ही कारखान्यांना सांगायचो. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट होती एक वीज कंपनी. तिला दुसऱ्या राज्याच्या किनाऱ्यापासून आत, भर समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या होत्या. तो लिलाव अजून व्हायचा होता. बोली लावण्यापूर्वी कंपनीला बँकेला दाखवायला गिऱ्हाईक हवं होतं. म्हणून पेडणे तालुक्यातले छोटे कारखानदार एकत्र करून त्यांच्या सह्या घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बर्फवाले, काजूवाले, बेकरीवाले, भातगिरणीवाले. "मॅडम लोकल आहेत, लोकांचा ट्रस्ट आहे," असं आमच्या केंकरे साहेबांनी कंपनीला सांगितलं होतं. ट्रस्ट होता, ते खरं आहे. त्यानेच घात केला.

कारखानदारांना हे का हवं होतं तेही सांगते. महिन्याच्या बिलात इंधनाचा एक आकार असतो. कोळसा महागला की तो वाढतो. बर्फवाल्याला आज ठरवलेला लादीचा भाव पुढच्या महिन्यात परवडेल की नाही, हे त्या आकारावर ठरतं. वाऱ्याला कोळसा लागत नाही. एकदा दर ठरला की पंचवीस वर्षं तोच. कंपनीच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘लिलावात ठरलेला दर, म्हणजे तुमचा फायदा’. ते वाक्य मी इंग्रजीतून मराठीत आणलं होतं.

आणि मला ते खरं वाटत होतं. सौर विजेचे लिलाव मी जवळून बघितले होते. तिथे खरोखरच बोली खाली जाते. कंपन्या एकमेकींना खाली ओढतात आणि ग्राहकाला स्वस्त वीज मिळते. लिलाव म्हटला की तो असाच, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की समुद्रातल्या लिलावाचे कागद मी नीट उघडलेच नव्हते. केंकरे साहेबांनी दोन पानांचा सारांश दिला होता. तेवढ्यावर मी लोकांना ज्ञान शिकवत हिंडत होते.

उमाकांतबाबांची सही झाली त्याला बारा दिवस झाले होते. गुरुवार होता. पुढच्या कारखानदारांसाठी कराराचं मराठी भाषांतर तपासायला माझ्या टेबलावर आलं. कलम चौदामध्ये एक ओळ होती. ‘समुद्रतळाचे भाडे व लिलावातून उद्भवणारे इतर सर्व खर्च ग्राहकाकडे पास-थ्रू राहतील.’

पास-थ्रू म्हणजे टॅक्सीवाला टोल तुमच्याकडून घेतो तसं. खर्च त्याचा, बिल तुमचं. विजेच्या करारात असं कलम नवीन नाही. पण ‘समुद्रतळाचे भाडे, लिलावातून’ हे शब्द मला खटकले. दर लिलावात ठरणार असेल, तर भाडं कसलं ठरतंय?

मी टेंडर मागवलं आणि पहिल्यांदा पूर्ण वाचलं. वाचता वाचता कानांच्या पाळ्या तापल्या.

समुद्रातल्या विजेचे लिलाव दोन तऱ्हांनी होतात. एक तऱ्हा मी सांगत होते ती. कमीत कमी दराने वीज देईल त्याला प्रकल्प, आणि समुद्रात खर्च फार येतो म्हणून सरकार वरून काही मदतही करतं. यात ग्राहकाचा फायदा होऊ शकतो. दुसऱ्या तऱ्हेत विजेच्या दराची बोलीच नसते. सरकार समुद्राच्या तळाचा तुकडा भाड्याने देतं. जो सगळ्यात जास्त भाडं बोलेल त्याला तुकडा. तिथे चक्क्या उभ्या करा आणि वीज कोणाला, कितीला विकायची ते तुमचं तुम्ही बघा. आमची कंपनी ज्या लिलावात उतरणार होती, तो या दुसऱ्या तऱ्हेचा होता.

म्हणजे बोली वर चढणार होती. उलटी नव्हे, चांगली सुलटी पावणी होती ती. देवळातली, उमाकांतबाब घालतात तीच. आणि वर चढलेली सगळी बोली कलम चौदामधून धारगळच्या बर्फाच्या बिलात उतरणार होती. कंपनीने हवं तेवढं बोलावं. तिच्या बापाचं काय जात होतं?

मी तशीच उठून केंकरे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आपण लोकांना चुकीचं सांगितलंय."

"काय चुकीचं?"

"लिलावात दर ठरणार, असं सांगितलंय. या लिलावात दर ठरत नाही, भाडं ठरतं. जास्तीत जास्त भाडं. आणि ते ग्राहकावर टाकलंय."

"मॅडम, ऑक्शन इज ऑक्शन," ते म्हणाले. "आपल्या ब्रोशरमध्ये एक शब्द खोटा दाखवा."

"भाड्याचाही दरच असतो, म्हणून शब्द खरे आहेत. अर्थ खोटा आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, भाडं जास्त झालं म्हणून वीज महाग होते, असं नाही. मार्केट असतं. महाग विकली तर कोण घेईल?"

हे म्हणणं एरवी बरोबर आहे. बाजारात गिऱ्हाईक मोकळं असेल तर विकणाऱ्याला जास्तीचं भाडं स्वतःच्या नफ्यातून सोसावं लागतं. पण पंचवीस वर्षांची सही घेऊन गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवलं, आणि भाडं परस्पर त्याच्या बिलावर टाकलं, तर कसलं आलंय मार्केट? मी हे सगळं त्यांना म्हटलं. आवाज चढला असणार, कारण बाहेरचं टायपिंग थांबलं.

"त्यांनी वाचून सही केलीय," ते म्हणाले.

"वाचून नाही. माझ्या सांगण्यावरून केलीय."

"मग अजून चांगलं. आणि आता प्यूनच्या कानावर जाईल असं काही बोलू नका. शनिवारी धारगळला मीट आहे. सगळे सह्या केलेले येतील, उरलेल्यांच्या तिथेच घेऊ. सोमवारनंतर काही टेन्शन नाही."

"सोमवारनंतर का?"

त्यांनी फोन उचलला. मी जागेवर येऊन करार पुन्हा काढला आणि कलम एकोणीस वाचलं. ‘सहीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत ग्राहकास लेखी माघार घेता येईल.’ कोणा सरळ वकिलाने ते घातलं असावं. सह्या घेताना या कलमाबद्दल मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण ‘विचारलं तरच सांगा’ अशी सूचना होती आणि मी ती पाळली होती. उमाकांतबाबांची सही सगळ्यांत पहिली होती. त्यांची मुदत रविवारी संपत होती, दुसऱ्या दिवशी घेतलेल्या बाकीच्या सह्यांची सोमवारी.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि धारगळला गेले.

फॅक्टरीत लाद्या काढायचं काम चालू होतं. बेळगावकडचे कामगार आकड्यांनी लाद्या ओढत होते आणि मासळीची गाडी मागे लावलेली होती. उमाकांतबाबांनी मला बघून नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लिलाव कसा आहे ते, कलम चौदा काय आहे ते, आणि मी काय चूक केली ते.

त्यांनी पुढे केलेली खुर्ची परत भिंतीला लावली. मग म्हणाले, "तुमी माका हसललास."

"हो."

"माका वाटलां, शिकलेल्या बायेक म्हायत आसतला. म्हणान मी गप ऱ्हवलंय." त्यांचा तो पावणीचा आवाज हळूहळू चढत गेला. "बर्फाच्या लादयेत काय आसा, बाय? पाणी आनी वीज. तिसरा काय नाय! विजेचो दर वाढलो की माजी लादी वाढतली. लादी वाढली की हे गाडयेवाले हयसून सरळ म्हापशाक जातले. मगे ही धा माणसां खंय जातली? पंचवीस वर्सां! पंचवीस वर्सां मी तेंच्या पावणेचे पयशे भरू?"

कामगार काम थांबवून बघत होते. मला माझी बाजू सावरावीशी वाटली नाही, सावरायला बाजूच नव्हती. मी बॅगेतून कलम एकोणीसची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. माघारीचं पत्र लिहून द्या म्हटलं.

त्यांनी ते कलम दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं. "म्हणजे हा तुमका म्हायत आसला."

"हो. तेही सांगितलं नव्हतं."

मला वाटलं आता मला जायला सांगतील. ते म्हणाले, "पत्र मी दितंय. पण एकट्यान कित्याक देवचा? बाकीचे काय उपरे? फाल्यां सगळ्यांच्या देखत दितलंय."

शनिवारी सकाळी धारगळच्या एका मंगल कार्यालयात कंपनीची मीट होती. वीसेक कारखानदार, पडद्यावर समुद्रातल्या पवनचक्क्यांचं सुंदर चित्र, मागे जेवणाचे टोप. कंपनीतर्फे केंकरे साहेबांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. कंपनीनेच आपल्या कन्सल्टंटचा सत्कार करायचा ही काय पद्धत, ते मला आजतागायत कळलेलं नाही. साहेबांनी नारळ टेबलावर ठेवला आणि ‘स्वच्छ वीज, स्वस्त वीज’ यावर बोलायला सुरुवात केली.

उमाकांतबाब उठले. सरळ टेबलाकडे गेले आणि नारळ उचलला.

"सायबांच्या नारळाची पावणी घालतंय," ते गरजले. "बोला!"

सभागृहात हशा उठला. साहेबही हसले, त्यांना वाटलं गावची गंमत आहे. कोणीतरी शंभर म्हणालं. कोणी दीडशे. पावणी सुरू झाली की आमच्या लोकांना राहवत नाही. सदा पोदेर, म्हणजे पेडण्याचे बेकरीवाले, पाचशेपर्यंत गेले.

"पाचशे एकवार! पाचशे दोनवार! पाचशे तीनवार!" उमाकांतबाबांनी नारळ सदांच्या हातात दिला आणि वळून हळर्णच्या मीनाक्षी गावस यांच्यासमोर हात पसरला. मीनाक्षीबायची काजूची फॅक्टरी आहे, भट्टीपासून पॅकिंगपर्यंत सगळं विजेवर. "मीनाक्षीबाय, पाचशे काढ."

"माका कित्याक?" त्या ओरडल्या. "बोललो तो! नारळ तेका!"

"तू सही केलंस. कलम चौदा. बोलतलो तो, नारळ तेका, आनी पयशे तुजे. पंचवीस वर्सां."

हशा थांबला. लोक करार उलटू लागले. पानांचा तेवढा आवाज येत होता.

केंकरे साहेब माईकवर म्हणाले, "हे बघा, याचा विपर्यास होतोय. हा टेक्निकल विषय आहे. आमच्या मॅडम या विषयातल्या एक्स्पर्ट आहेत, तुमच्याच भागातल्या आहेत. मॅडम, तुम्हीच सांगा. हे असं आहे का?"

वीस माणसं माझ्याकडे वळली. त्यातल्या अकरा जणांच्या सह्या मी घेतल्या होत्या.

"असंच आहे," मी म्हटलं. "मी तुम्हाला उलटी पावणी म्हणून सांगितलं होतं. ते चूक होतं. ही सरळ पावणी आहे. फरक इतकाच की देवळात बोलणारा स्वतःच्या खिशातून देतो."

साहेबांनी माईक बंद केला. उमाकांतबाबांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी हात मागे घेतला.

"हे इथे नाही घेता येणार. सोमवारी ऑफिसात आणून द्या."

"मुदत रविवारी सोंपता," उमाकांतबाब म्हणाले.

"त्याला मी काय करू? प्रोसिजर आहे."

प्रोसिजर! तो शब्द ऐकला आणि तीन दिवस आत कोंडलेला सगळा राग वर आला. पण रागात माणूस चुकतो, म्हणून मी आधी कलम एकोणीसची पुढची ओळ काढली आणि मोठ्याने वाचली. ‘माघारीचे पत्र, ज्या प्रतिनिधीसमोर सही झाली, त्या प्रतिनिधीकडे देऊन पोच घ्यावी.’

"प्रतिनिधी मी आहे," मी म्हटलं. "पत्र इकडे द्या."

पोच म्हणजे पत्र मिळाल्याची सही. सरकारी ऑफिसात आयुष्यभर दिली होती. उमाकांतबाबांच्या दुसऱ्या प्रतीवर मी लिहिलं, ‘मिळाले’, खाली तारीख, वेळ, सही आणि पूर्ण नाव. मग मीनाक्षीबायनी कोरा कागद मागितला. मग सदा पोदेर. कंपनीच्याच लेटरपॅडच्या मागच्या बाजूवर लोक पत्रं लिहीत होते. अकरापैकी अकरा आली. जेवणाच्या टोपांची झाकणं कोणी उघडलीच नाहीत.

"मॅडम, सोमवारी येऊ नका," साहेब जाताना म्हणाले. मी म्हटलं, मीही तेच सांगणार होते.

सदा पोदेरनी निघताना उमाकांतबाबांच्या हातात पाचशे रुपये ठेवले. "घेवा, देवळाक द्या." अहो, ती खरी पावणी नव्हती, असं मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "तीनवार झाला मगो? बोललंय तर दिवकच होया."

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. लोक वाचले, माझी नोकरी गेली, हिशेब जमला असं म्हणून मी घरी बसले असते.

गेल्या महिन्यात सुर्ल्याहून विठ्ठल मळीक यांचा फोन आला. त्यांचे खाणीवर ट्रक होते. खाण बंद झाली तेव्हा ते विकून त्यांनी सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकची फॅक्टरी टाकली. ओळखीतून माझा नंबर मिळवला होता. "एक कागद बघून दिशात?" म्हणाले. मी गेले. त्यांनी माझ्यापुढे तीच ती कंपनी, तोच तो करार ठेवला. लिलाव अजून झालेला नाही, कंपनी अजून गिऱ्हाईक गोळा करते आहे. पेडण्यात डाळ शिजली नाही म्हणून आता ती डिचोलीत उतरली आहे.

मी आधी कलम चौदा बघितलं. शब्दाचाही फरक नव्हता. मग कलम एकोणीस काढलं. तिथे आता दुसरंच काही होतं. पंधरा दिवसांची मुदत काढून टाकली होती. त्या शनिवारी धारगळला कोणी काही शिकलं असेल, तर ते कंपनी शिकली.

"पण मॅडम, ही स्कीम बरी आसा मगो?" विठ्ठलबाब म्हणाले आणि त्यांनी नवीन माहितीपत्रक पुढे सरकवलं. "हांगा मराठीत साफ लिवलेला आसा."

चकचकीत कागद. वर निळा समुद्र, पांढऱ्या पवनचक्क्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही तर उलटी पावणी! बोली खाली, बिल खाली!’

माझा शब्द होता तो. धारगळच्या ऑफिसात काकणं खाताखाता मी केलेला. मीच तो मोठ्या अभिमानाने साहेबांना येऊन सांगितला होता, ‘सर, लोकांना पटकन कळतं’ म्हणून.

"सही केलीत?" मी विचारलं.

"फाल्यां येतले ते सही घेवक."

मी पर्समधून पेन काढलं आणि ‘उलटी’ हा शब्द खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला. मग त्यांना सांगितलं, राहिला तेवढा शब्द वाचा. आणि उद्या ते किती वाजता येणार आहेत ते विचारून घेतलं. एक खुर्ची माझ्यासाठीही ठेवा म्हटलं.